मूळ प्रत कोणती, भावजी?

भावजी, आधी कामाचं बोलते. तुमचा एक फोटो हवा होता.

उद्या रविवारी तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. भन्तेजींना निरोप गेलाय, सोसायटीचा हॉल मिळालाय, खिरीत साखर घालायची की गूळ यावरून तुमच्या दोन्ही मावश्यांचं वाजलंय, म्हणजे सगळं रीतसर चाललंय. फक्त फोटो नव्हता. परवा सकाळी आईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "सूनबाय, संज्याचा हसता फोटू दे काढून. मोठा दे, मला लांबनं दिसंल असा." जसं काही मी तो कपाटात घडी करून ठेवलाय. मी हो म्हटलं. त्यात काय एवढं, असं मला खरंच वाटलं होतं.

तुमचे दादा म्हणाले, "त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असतील ढिगानं. तुला येतं ते सगळं, तूच बघ." आणि पेपर तोंडासमोर धरला. पेपर आदल्या दिवशीचा होता. तुमच्या खोलीत, म्हणजे आपल्या ग्रिल लावून बंद केलेल्या बाल्कनीत, ते तोवर गेले नव्हते. तिथले वाळलेले कपडे काढायलाही मलाच जावं लागायचं. धाकटा भाऊ अचानक गेला तर कसं वागायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही.

आज शनिवार, शाळेला अर्धा दिवस होता. मी ऑफिसातून आले, जेवले आणि तुमच्या खुर्चीत बसले. पासवर्ड मला ठाऊक होता. "मी ड्युटीवर असलो आणि तुम्हाला प्रिंट काढायची असली तर अडायला नको," असं म्हणून तुम्हीच सांगून ठेवला होतात. आत 'सगळ्यांचं' नावाचं एक भलंमोठं फोल्डर. घरातल्या प्रत्येकाचा फोन, माझं शाळेचं काम, मावश्यांकडची लग्नं, सगळं तुम्ही त्यात आणून ओतलं होतं. दर वेळी कुणाचा फोन बिघडला की तुम्ही तो पुन्हा अख्खाच्या अख्खा उतरवून घ्यायचात आणि म्हणायचात, "राहू दे आत्ता, दिवाळीच्या सुट्टीत बसून साफ करतो."

मी फोटो उघडत गेले. जिथं जावं तिथं आईंचा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून, ओठ घट्ट मिटून, एखाद्या सिनेमातल्या गुंडासारख्या बघतायत. पुढचं फोल्डर उघडावं तर पुन्हा तोच चष्मा. तिसऱ्यात पुन्हा. या ढिगाऱ्यात तुमचा फोटो असा एक-एक बघून सापडायचा नाही, हे मला कळलं. आधी तेच-तेच काढून टाकायला हवं होतं. मग मी तुमची ती काळी खिडकी उघडली आणि एकसारख्या फायली शोधायची तुमची कमांड टाइप केली:

fdupes -r .

शेवटचा ठिपका विसरले नाही. "ठिपका म्हणजे 'इथं', वहिनी. इथून खाली सगळं बघ, असं सांगायचं त्याला." तुमचाच आवाज.

पहिल्यांदा तुम्ही ही खिडकी उघडलीत तेव्हा कॉम्प्युटर बिघडला असं समजून मी स्विच बंद करायला धावले होते. आठवतं ना? माझा जुना कॉम्प्युटर, तो डबा, तुमचे दादा भंगारात द्यायला निघाले होते. तुम्ही तो उचलून आत नेलात, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घातलंत आणि संध्याकाळी माझ्यापुढे आणून ठेवलात. "चित्रांवर टिचक्या मारत बसू नका. सरळ सांगायचं, काय हवंय ते. ते ऐकतं." घरात कुणीतरी ऐकतं म्हटल्यावर मी शिकायला बसले.

आणि मग तो आपला वाद. तुम्हाला माहितीये, शाळेच्या ऑफिसात माझं आयुष्य कागदांच्या प्रतींमध्ये गेलंय. दाखला आला की मूळ वेगळा, सत्यप्रत वेगळी. मूळ कपाटात, सत्यप्रत फायलीत. मूळ कागद उगाच हाताळायचा नसतो, मळतो, कोपरे दुमडतात. म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवरही तसंच केलं होतं. एक फोल्डर 'मूळ', एक फोल्डर 'सत्यप्रत'. प्रिंट काढायची तर सत्यप्रतीतून काढायची, मूळ उघडायचंसुद्धा नाही, खराब होईल म्हणून. तुम्ही ते बघितलंत आणि इतके हसलात, इतके हसलात की आई स्वयंपाकघरातून विचारायला आल्या, काय झालं म्हणून.

"वहिनी, तुम्ही कॉम्प्युटरला शिक्का मारायला लावताय."

मी चिडले होते. तुम्ही तीच कमांड चालवून दाखवलीत. माझ्या दोन्ही फोल्डरांतल्या सगळ्या फायली जोडीजोडीनं एकाखाली एक येऊन उभ्या राहिल्या. तुम्ही समजावत होतात. नावावर हे जात नाही. आधी आकार बघतं. आकार जुळला तर फाइलच्या आतल्या मजकुराचा ठसा घेतं, आपण अंगठ्याचा घेतो तसा. ठसाही जुळला तर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत दोन्ही फायली शेजारी ठेवून ताडून बघतं. एवढं करून मगच म्हणतं, या दोन्ही एकच आहेत. एक ओळ एका फाइलची, तिच्या जुळ्या तिच्याखाली, आणि मध्ये रिकामी ओळ आली की समजायचं, आता वेगळी गोष्ट सुरू झाली.

"ठीक आहे," मी म्हटलं, "पण यातली मूळ कोणती?"

"दोन्ही."

"असं कसं? एक आधी होती, तिची दुसरी काढली. आधीची ती मूळ."

"आधीची कोणती ते आता कशावरून सांगणार?"

"तारखेवरून."

तुम्ही एक कॉपी करून दाखवलीत, तारीखसुद्धा तीच ठेवून. मला काही फरक सांगता येईना. "मला नाही सांगता येत, पण तुम्हाला येत असेल," मी म्हटलं. "मलाही नाही येत. कुणालाच नाही येणार. मूळ, प्रत असं काही नसतंच यात, वहिनी. आणि दोन असल्या म्हणून जास्त होत नाही. असतं ते एकच."

मला ते पटलं नव्हतं. अजून पटत नाही. कुठलीतरी आधी असतेच ना हो? मी तेच म्हणत राहिले, तुम्ही मान हलवत राहिलात, मग तुमच्या शिफ्टची वेळ झाली. बूट घालता घालता म्हणालात, "या विषयावर परत बसू. तुम्ही हरताय." मी म्हटलं, "बघू कोण हरतंय ते." नंतर कधी बसलोच नाही. भाजी, लाइटबिल, आईंच्या गोळ्या, यातच बोलणं व्हायचं आपलं.

तर आज दुपारी ओळी धावायला लागल्या आणि मी बघत बसले. "आधी नुसतं बघायचं, डिलीट नंतर. इथं कचऱ्याची टोपली नाही, गेलं ते गेलं," हा तुमचा नियम मी पाळला. सगळं एकदा वर-खाली करून बघितलं. मग विचारून काढणारी कमांड दिली. ते प्रत्येक गठ्ठ्याशी थांबतं आणि विचारतं, यातली कितवी ठेवू? मी आकडा देते, बाकीच्या जातात. आईंचा काळा चष्मा एकच उरला. माझ्या 'सत्यप्रती' पण गेल्या. तुमचा मुद्दा होता तो, घ्या. चार वाजेपर्यंत माझा हात असा काही बसला होता की तुम्ही मागे उभे असतात तर शाबासकी दिली असतीत. नसतीच दिली म्हणा. "स्पेलिंग बघा," एवढंच म्हणाला असतात.

मग तुमचे फोटो आले.

मला आनंद झाला, भावजी. खोटं कशाला बोलू? कारण ओळीच ओळी होत्या. संजय फोटो. बँकेसाठी फोटो. फोटो नवीन. फोटो लहान. फोटो पांढरं बॅकग्राउंड. कंपनी फोटो. फोटो परत. मला वाटलं, दादा म्हणाले ते खरंय, ढिगानं आहेत. मी खाली-खाली जात होते आणि मध्ये रिकामी ओळ येईल म्हणून बघत होते. रिकामी ओळ आली की दुसरा फोटो. ती येतच नव्हती. नावामागून नाव, नावामागून नाव, आणि सगळी एकाच गठ्ठ्यात. किती वेळ मी त्या एका रिकाम्या ओळीची वाट बघितली ते मला सांगता येणार नाही.

तुमचा एकच फोटो होता. तो पासपोर्टचा, निळ्या शर्टातला. जिथं-जिथं कुणी मागितला तिथं-तिथं तुम्ही तोच दिलात, दर वेळी नवीन नावानं. त्याशिवाय, बाकीचं सगळं चाळून, कंपनीच्या ओळखपत्रासाठी काढलेला एक, त्यात तुमचे डोळे मिटलेत. आणि मावशीकडच्या लग्नातला एक, त्यात मामांच्या फेट्यामागे तुमचा कान आणि चष्म्याची एक काडी दिसते. संपलं. तुमच्या मरणाला आम्ही माणसं जमलो तेवढे तुमचे फोटो नाहीत. बाकी सगळे फोटो आमचे. माझे तर किती! पोळ्या लाटताना, पंख्याखाली झोपलेली, तोंडात घास असताना. काढणारा तुम्ही. तुमच्या हातातून फोन घेऊन "आता तुम्ही उभे राहा" असं म्हणायला आम्हाला कुणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी तुम्ही उभे राहिला नसतात. मला तुमचा इतका राग आला की मी खुर्चीतून उठून बाल्कनीच्या ग्रिलला धरून उभी राहिले. खाली रिक्षावाले एकमेकांशी भांडत होते. नेहमीचंच.

परत येऊन बसले तर ते अजून विचारतच होतं. यातली कोणती ठेवू?

एक आकडा द्यायचा होता. दिला असता तर बाकीची सगळी नावं गेली असती आणि तुम्ही एक उरला असतात. दोन असल्या म्हणून जास्त होत नाही, हे मला तेव्हा कळलं. कळलं हो भावजी, अगदी कळलं. पण ती सगळी नावं समोर होती तोवर तुम्ही पुष्कळ होतात. मला आकडा टाकवेना. मी क्विट केलं, काहीही न काढता बाहेर आले.

तेवढ्यात तुमचे दादा दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, पण दारापर्यंत आले. "सापडला?"

"एकच आहे."

"एवढे तर दिसतायत."

"तो एकच आहे, अहो. नावं वेगळी आहेत."

मग ते आत आले, माझ्याशेजारी स्टूल ओढलं आणि म्हणाले, "सगळे उघड." मी म्हटलं, मशीननं अक्षरन्‌ अक्षर ताडून बघितलंय. ते म्हणाले, "तू उघड." मी एकेक उघडत गेले. निळा शर्ट. निळा शर्ट. निळा शर्ट. ते प्रत्येक वेळी पुढे वाकून बघत होते. एकाशी थांबले आणि म्हणाले, "ह्यात जरा हसतोय ना?" मी म्हटलं, "नाही हो. तोच आहे." "नीट बघ. जरासा." मी नीट बघितलं. तोच होता. मी म्हटलं, "हो, जरासा हसतायत." शेवटपर्यंत सगळे उघडून बघितले आम्ही. तुमच्या माघारी त्यांचं रडू मी पहिल्यांदा तेव्हा ऐकलं.

संध्याकाळी शेजारची जिग्नाबेन आली. "भाभी, व्हॉट्सअॅप में देखो ना, डीपी में तो होगा ही." डीपीवर तुमचा तो लिनक्सचा पेंग्विन. तिनं फोन आईंसमोर धरला. आईंनी चष्मा पुढे-मागे करून बघितलं आणि म्हणाल्या, "ह्या पाखराला हार घालू काय मी?" जिग्नाबेन घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मला हसू आलं, भावजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. आईसुद्धा हसल्या, आणि मग हसताना चेहरा तसाच ठेवून रडायला लागल्या. पाणी तरी द्यायचं सुचावं माणसाला.

उद्या सकाळपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. तोच निळा शर्ट पेनड्राइव्हवर घेतला आणि केबिन रोडवरच्या फ्रेमवाल्याकडे गेले. त्यानं स्क्रीनवर मोठा करून बघितला आणि मान हलवली.

"भाभी, ये बहुत छोटा है. बडा करेगा तो फटेगा. ओरिजिनल लाओ ना."

"यही है."

"ये किसी ने कॉपी मारा हुआ है. इसका ओरिजिनल होगा ना घर पे?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. रोज दहा माणसांना हेच विचारत असेल बिचारा. मी काउंटर धरून उभी राहिले. मला सांगायचं होतं की यात मूळ, प्रत असं काही नसतं, सगळ्या सारख्याच असतात, माझ्या दिरांनी मला समजावलं होतं. शब्द जुळवून ठेवले होते हिंदीत. पण तोंडातून निघालं, "ओरिजिनल नहीं रहा, भैया." तो स्क्रीनकडे बघायचा थांबला. मग म्हणाला, "बैठो भाभी. मैं देखता हूँ कितना साफ होता है." आणि मागच्या पोराला चहा सांगितला. मी चहा घेतला.

तुमच्या त्या जुळ्या फायली तशाच आहेत. रागवा. तुम्ही दिवाळीला साफ करणार होतात आणि मी शाळेच्या ऑफिसात नव्या मुलींना जी कमांड शिकवते, ती घरात मला शेवटापर्यंत नेता आली नाही. ती शिकवताना मी 'माझ्या दिरांनी शिकवलं' असं कधी म्हटलं नाही, 'मला येतं' असंच म्हटलं. तुम्हाला थँक्यूही म्हटलं नाही कधी. दीर-भावजयीत कोण म्हणतं? तुम्ही मला त्या डब्यासमोर बसवलंत म्हणून ऑफिसात माझी खुर्ची टिकली, हे तुम्हाला ठाऊक असेल असं धरून मी चालले. ठाऊक होतं का? विचारायला हवं होतं. आता मी काहीही टाइप केलं तरी उत्तर देणारं फक्त ते मशीन आहे, आणि त्याला विचारलेलं तेवढंच कळतं.

फ्रेम घेऊन घरी आले. तिघांनी मिळून ती घरातल्याच हॉलमधल्या छोट्या टेबलावर ठेवली, मागे आईंची पांढरी साडी लावली. तुम्ही कडेला जरा फुटला आहात, कानापाशी चौकोन चौकोन दिसतात, पण चेहरा बरा आलाय. आईंनी पदरानं काच पुसली. मग फ्रेमसमोर खुर्ची ओढून बसल्या.

"हा सरळ बघतोय," त्या म्हणाल्या. "घरात कदी असा बघितला नाय त्यानं. मान खाली घालून सारखा त्या डबड्यात. भाजी वाढ म्हनायचा, ते पन तिकडंच बघून. आता बघतोय तर ह्याच्याशी बोलू काय मी?"

पहिल्यांदाच तुम्ही असे थेट आमच्याकडे बघताय, भावजी, आणि आता आमच्यातल्या एकाच्यानंही मान वर करवत नाही.